खाडा भरून निघत नाही

व्यायाम न करण्याची कारणं मी आयुष्यभर ऐकली. पगार व्यायाम शिकवण्याचा मिळायचा, पण कामाचा मोठा भाग ऐकण्याचाच होता. पाव्हणे आले, मुलाची परीक्षा होती, पाणी उशिरा आलं, बूट चावतात, नवरा चिडवतो, इथला आरसा जाड दाखवतो. हे शेवटचं कारण सांगणाऱ्या बाईंना मी आरशाकडे पाठ करून उभं केलं, तर दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "मॅडम, आता बघायला काहीच नाही, कंटाळा येतो."

मी अंधेरी पूर्वेला एका जिममध्ये ट्रेनर होते. वाकोल्यात वाढले, कबड्डी खेळले, त्या जोरावर 'लेडीज ट्रेनर' म्हणून चिकटले. पुढे पुरुषांच्या बॅचचा ट्रेनर दुबईला निघून गेला आणि मालकांनी "तुम्हीच बघा ना" म्हटलं, तेव्हापासून सगळ्यांचीच मॅडम झाले. गेल्या वर्षी माझ्या गुडघ्यांनी राजीनामा दिला, त्यांच्या मागोमाग मी दिला. ट्रेनरचेच गुडघे गेले हे ऐकून ओळखीच्या लोकांना जो आनंद होतो, तो त्यांना लपवता येत नाही. आपण व्यायाम केला नाही तेच बरं झालं, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं असतं.

बाहेरच्यांना वाटतं, ट्रेनर म्हणजे शेजारी उभा राहून "अजून एक, अजून एक" ओरडणारा माणूस. ओरडणं हा त्यातला सोपा भाग. वजन कसं धरायचं, पाठ कुठे सरळ ठेवायची हेही आठवड्याभरात कुणालाही शिकवता येतं. अवघड काम एकच, आज आलेला माणूस उद्या परत यायला हवा. नवा माणूस पहिल्या दिवशी फार जोरात असतो. त्याला दमवलं की तो खूश होतो, अंग दुखलं म्हणजे पैसे वसूल झाले असं समजतो, आणि तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कण्हत ठरवतो की हे आपलं काम नव्हे. म्हणून मी पहिल्या दिवशी मुद्दाम कमी करून घ्यायचे. "एवढंच?" असं विचारत माणूस घरी गेला की मला बरं वाटायचं.

जिमचं एक गुपित आता सांगायला हरकत नाही. पैसे भरलेले सगळे एकाच दिवशी आले, तर दारातसुद्धा उभं राहायला जागा मिळणार नाही. जिम चालते ती न येणाऱ्यांच्या जिवावर. आमच्या मालकांना हे चांगलं ठाऊक होतं, त्यामुळे एखादा यायचा बंद झाला की ते निवांत असत. "आरंभशूर असतात हो सगळे," म्हणत चहा मागवत. मला मात्र ते लागायचं. कबड्डीत गडी बाद झाला की निदान बाहेर बसलेला दिसतो. इथे तो कुठे गेला तेही कळत नाही.

लग्न ठरलेल्या मुली सगळ्यांत इमानदार. हळदीच्या आदल्या दिवसापर्यंत येणार, आणि अक्षता पडल्या की त्यांचं नखही दिसणार नाही. डॉक्टरने घाबरवलेले पुरुष दुसऱ्या नंबरवर. त्यांची भीती पुढचा रिपोर्ट चांगला येईपर्यंत टिकते. एक गृहस्थ सायकलवर बसून फक्त फोनवर बोलायला येत, कारण घरी बोलता येत नसे. ते कुणाशी बोलत हे मी विचारलं नाही, पण त्यांचा दम खूप सुधारला. एकूण काय, प्रत्येक जण काहीतरी कारण घेऊन येतो, आणि कारण जितकं मोठं तितका माणूस टिकेल असा सगळ्यांचा समज असतो. माझाही होता. राणे भेटल्यावर तो गेला.

राणे राहायला दिंडोशीला. मरोळच्या एमआयडीसीत एका कारखान्याचं स्टोअर सांभाळायचे. पन्नाशीचे, पोट सुटलेलं, शर्ट नीट खोचलेला. मी सगळ्यांना विचारायचे तसं त्यांनाही विचारलं, "कशासाठी आलात?"

"किडनी द्यायची आहे," ते म्हणाले.

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली.

"माझ्या ताईला. तिच्या दोन्ही गेल्या. डायलिसिस चालू आहे. डॉक्टर म्हणतात, तुम्ही द्यायला तयार आहात ते ठीक, पण या वजनावर तुमचं ऑपरेशन करता येणार नाही. आधी वजन उतरवा, मग बाकीच्या तपासण्या."

सुलभाताई त्यांची थोरली बहीण. बालवाडीत शिकवायच्या, लग्न केलं नव्हतं, भावाकडेच राहायच्या. साखरेने किडन्या गेलेल्या. आठवड्यातून तीनदा हॉस्पिटलात जाऊन मशीनवर रक्त स्वच्छ करून घ्यायचं, की मग मधले दिवस बरे जायचे. त्यांचा जीव भावाच्या वजनावर अडला होता, आणि ते वजन उतरवायचं काम माझ्याकडे आलं होतं. याहून मोठं कारण घेऊन माझ्याकडे कधी कुणी आलं नव्हतं. हा माणूस मुळीच सुटणार नाही, असं मी मालकांना सांगूनही टाकलं.

सुरुवातीला राण्यांनी मला खोटं पाडलं नाही. सकाळी मेट्रोने येत, सांगितलं तेवढं मुकाट्याने करत, डबा घेऊन कामावर जात. पट्टा एक भोक आत गेला तेव्हा त्यांनी तो मला दाखवला आणि मग स्वतःच लाजले. त्यानंतर ताईंच्या हातातली डायलिसिसची जोडणी बंद पडली, हॉस्पिटलात धावपळ झाली, आणि राणे काही दिवस आले नाहीत. परत आले ते दारातूनच म्हणाले, "मॅडम, खाडे पडले. आज डबल करतो. भरून काढतो."

खाडा हा शब्द आताच्या मुलांना माहीत नसेल. राण्यांचे वडील गिरणी कामगार. मूळ गाव कणकवलीकडचं, बिऱ्हाड परळच्या चाळीत. अशा घरांत कामावर न जाणं याला खाडा म्हणतात. खाडा पडला की पगार कापला जायचा, पण त्याहून वाईट म्हणजे माणसाचं नाव जायचं. खाडे करणाऱ्याला मुलगी देत नसत. राण्यांचे वडील अंगात ताप असताना घोंगडी पांघरून पाळीवर गेले होते, ही गोष्ट त्या घरात दर सणाला सांगितली जाई. शिवाय खाडा भरून काढायची सोय होती. लागोपाठ दोन पाळ्या केल्या की गेलेला दिवस परत मिळाला, हिशेब पुरा.

गिरणीत ते चालत असेल. शरीरात चालत नाही. काल न जेवलेलं आज दुप्पट जेवून भरून निघत नाही, उलट पोट बिघडतं. मी राण्यांना हेच सांगितलं, आणि आज नेहमीच्या निम्मंच करा म्हणाले. त्यांनी मान डोलावली. मी दुसऱ्या कुणाचे खांदे सरळ करायला वळले आणि यांनी धावण्याच्या पट्ट्यावर दुप्पट धावून वर बैठका काढल्या. उठताना कंबर धरली. मग बिछान्यात पडून राहिले, म्हणजे आणखी खाडे, म्हणजे बरे झाल्यावर भरून काढायला आणखी मोठा ढीग. एकदा झालं, पुन्हा झालं. दरवेळी मधली सुट्टी लांबत गेली. शेवटी ते यायचेच बंद झाले आणि फोन उचलेनात.

त्यांचा ठावठिकाणा लावला तो हिराबाईंनी. या वेसाव्याच्या कोळीण. अंधेरी पूर्वेच्या बाजारात मच्छी विकायला बसायच्या, त्याआधी आमच्याकडे यायच्या. गुडघे धरलेले, म्हणून सुनेने नाव घातलेलं. अंगावर भरपूर सोनं, डोक्यात वेणी आणि खाली सुनेची ट्रॅक पँट. त्या एक दिवस आत येता येता म्हणाल्या, "गो मॅडम, तुजा तो किडनीवाला थय कोपऱ्यावर चाय पितंय. बॅग मांडीवर घेऊन बसलाय. रोज बसतो."

मी गेले. राणे खरोखरच बसले होते. मला बघून उठले, पुन्हा बसले. घरून रोज वेळेवर निघायचं, ताईसमोर बॅग उचलायची, आणि जिमची वेळ या टपरीवर काढून कामावर जायचं, असं बरेच दिवस चाललेलं.

"अहो, चार पावलांवर जिम आहे. यायचं ना वर," मी म्हटलं.

"काय तोंड घेऊन येऊ? एक दिवस खाडा झाला ना मॅडम, की वाटतं, ताईचा एक दिवस मी खाल्ला. मग दुसऱ्या दिवशी तुमच्या दारात पाय उचलत नाही. घरी तर तिच्याकडे बघवत नाही. काल तिने विचारलं, आज काय काय केलंस? मी थापा मारल्या."

मला त्या माणसाची फार कणव आली आणि तितकाच रागही आला. ज्या बहिणीसाठी सगळं चाललं होतं, तिच्यापासूनच तो तोंड लपवत होता. कारण लहान असतं तर तो केव्हाच हसून परत आला असता. लग्न ठरलेली मुलगी एक दिवस चुकली तर दुसऱ्या दिवशी दात काढत येते. राण्यांचं कारण इतकं जड होतं की प्रत्येक चुकलेला दिवस पाप होऊन बसायचा.

हिराबाई माझ्या मागून आल्या होत्या. आपल्याला कुणी बोलावलं नाही याचा त्यांना कधीच अडथळा वाटत नसे. राण्यांच्या शेजारी ऐसपैस बसून त्यांनी चहा मागवला आणि म्हणाल्या, "तू कोकनातला ना रे? मंग तुला भांग ठावं नाय?"

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. अमावास्या-पौर्णिमेला समुद्राला उधाण येतं, पाणी जोरात ओढ घेतं. अष्टमीच्या आसपास भरती-ओहोटी मंदावते, त्याला भांग म्हणतात. कोळ्यांची डोल, म्हणजे प्रवाहात तोंड उघडं ठेवून बांधलेली मोठी पिशवीसारखी जाळी, पाण्याच्या ओढीवरच भरते.

"भांगाला पानी वढत नाय," हिराबाई सांगत होत्या, "मंग डोल टाकून काय गावनार? तवा आमी जाली शिवतो, होडीला काय झाला तो बगतो. कुनी रडत नाय, का आज दर्यान गेलो नाय म्हनून. आन् भांगाचा उधानात भरून पन नाय काढत. भरून काडायला गेला तं जालाच फाटंल."

खुद्द हिराबाई जिममध्ये हेच करत. आल्या नाहीत तर दुसऱ्या दिवशी "काल भांग होता" एवढंच सांगून कामाला लागत. खरं सांगायचं तर निम्म्या वेळा तो शुद्ध आळस असायचा. बाहेर पौर्णिमा असली तरी यांच्या अंगात भांग. पण माझ्याकडे वर्षानुवर्षं टिकलेल्या माणसांत त्यांचं नाव फार वर होतं, हेही खरं.

त्या गेल्यावर राणे म्हणाले, "त्यांचं बरं आहे. त्यांना कुठे काही गाठायचंय?"

"म्हणूनच त्या वर गेल्यात आणि तुम्ही इथे बसलात," मी म्हटलं.

त्यांना ते आवडलं नाही. पण दुसऱ्या दिवशी आले. मी एकच अट घातली, खाडा हा शब्द इथे काढायचा नाही. मन लागत नसेल, झोप झाली नसेल, ताईंची तब्येत बिघडली असेल, तर यायचं, सांधे मोकळे करायचे, पंख्याखाली बसायचं आणि निघायचं. जाळी शिवायचा दिवस. आणि मध्ये सुट्टी पडली तर परतल्यावर निम्मं करायचं, मागचं मोजायचं नाही.

"ही पळवाट झाली मॅडम."

"असेल. पण जिममधूनच जाते ना?"

ते हसले नाहीत, मात्र ऐकू लागले. काही दिवस फक्त पंख्याखाली बसून गेले. मालकांनी मला विचारलं, "हा माणूस इथे नक्की काय करतो?" मी म्हटलं, येतो. हळूहळू बसण्याचे दिवस कमी झाले. भांगामुळेच फरक पडला, की तेव्हाच त्यांच्या बायकोने रात्रीचा भात बंद केला त्यामुळे, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. आमच्या धंद्यात यशाचे बाप पुष्कळ असतात. पण पट्ट्याला नवी भोकं पाडावी लागली, आणि एक दिवस राणे पेढे घेऊन आले. डॉक्टर म्हणाले होते, वजन ठीक आहे, आता पुढच्या तपासण्या करू. हिराबाईंनी दोन पेढे खाल्ले आणि सुनेसाठी एक बांधून घेतला.

त्या पुढच्या तपासण्यांत साखरेचं पाणी पाजून रक्त तपासतात. सकाळी उपाशीपोटी राण्यांची साखर नेहमी बरी यायची. या तपासणीत ती पकडली गेली. ताईंच्या किडन्या ज्या साखरेने खाल्ल्या, तीच यांच्याही रक्तात दबा धरून बसली होती. किडनी घेता येणार नाही, डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. राण्यांच्या बायकोचा रक्तगट जुळत नव्हता. म्हणजे आता ताईंचं नाव प्रतीक्षा यादीत आणि डायलिसिस चालूच.

राण्यांनी हे मला चपलांच्या रॅकजवळ उभं राहून सांगितलं. उत्तेजन देणारी वाक्यं आमच्याकडे भिंतीवर रंगवलेली असतात. त्यांतलं एकही कामाचं नव्हतं. "येतो मॅडम," म्हणाले आणि गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत, त्यानंतरही नाहीत. या वेळी मी फोन केला नाही. कोणत्या तोंडाने या म्हणणार? कारणच संपलं होतं.

पुढे एका सकाळी सुलभाताई स्वतः आल्या. दिंडोशीहून रिक्षाने. मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. किडकिडीत, करड्या केसांचा घट्ट अंबाडा, डाव्या हातावर फुगलेल्या शिरा. मागे राणे, बॅग धरून, मास्तरांनी घरून पकडून आणलेल्या पोरासारखे. त्या बाकावर बसल्या, दम घेतला आणि म्हणाल्या, "मॅडम, ह्याला परत घ्या."

"मी कुठे काढलंय?"

"त्याचं त्यानेच काढलंय. सांगतो, आता कुणासाठी करू?" मग त्या भावाकडे वळल्या. "एक सांगते, ते मॅडमसमोरच सांगते. म्हणजे ओरडणार नाहीस. तुझी किडनी मी घेणारच नव्हते."

राणे बघतच राहिले. "काय?"

"नव्हते घेणार. सगळ्या तपासण्या झाल्या असत्या ना, तरी शेवटी नाही म्हणणार होते. तुला पोरं आहेत. मी काय, माझं चाललंय."

"मग हो कशाला म्हणालीस? एवढे दिवस मी इथे काय झक मारत होतो?"

"तीच मारावीस म्हणून. आईला साखर, मला साखर. तुला दहा वेळा सांगितलं, चाल, वजन उतरव. ऐकलंस? स्वतःसाठी तू कधी जिना चढला नसतास. माझ्यासाठी म्हटल्यावर धावत सुटलास."

"म्हणजे फसवलंस मला."

"फसवलं. मग?"

हिराबाई गुडघ्याची पट्टी बांधता बांधता थांबल्या होत्या. राण्यांचा चेहरा लाल झाला. ते काहीतरी कडक बोलणार असं मला वाटलं, पण त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते त्यांनी घामाच्या टॉवेलने पुसलं.

मला त्या बाईंचा हेवा वाटला. माणसाला व्यायामाला लावण्याच्या नाना युक्त्या मी केल्या, पण एवढी हिंमत माझ्यात नव्हती. युक्तीची किंमतही मी पाहिली होती, त्या टपरीवर, बॅग मांडीवर घेतलेली. तसं मी ताईंना सांगितलं. म्हटलं, तुमच्यासाठी करायचं म्हणून हे धावले हे खरं, पण तुमच्यासाठी म्हणूनच मोडलेही.

"ते मला समजत होतं हो," त्या म्हणाल्या. "थापा मारायचा तेव्हा समजायचं. बालवाडीत आयुष्य गेलं माझं. म्हणून आता तसं मोठं काही सांगत नाही. एवढंच बघा. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. डायलिसिस करून आले की माझे पाय उचलत नाहीत. ह्याच्या खांद्यावर भार टाकून चढते. हा प्रत्येक मजल्यावर थांबतो. म्हणतो, तुझ्यासाठी थांबलो. पण धाप ह्यालाच लागलेली असते. तेवढं काही करता आलं तर करा."

हे मला करता येण्यासारखं होतं. धावण्याचा पट्टा मी बंद केला. पायरीवर चढ-उतार, मांड्यांची ताकद, एका खांद्यावर वाळूची पिशवी घेऊन सावकाश चालणं, मग दुसऱ्या खांद्यावर. राणे पहिले काही दिवस ताईंवर रुसलेले होते आणि तो राग पायरीवर काढत. मग रुसवा गेला, पायरी राहिली. मध्ये सुट्ट्याही पडत. ताई आजारी पडल्या, कारखान्यात स्टॉक मोजायचा होता, एकदा नुसताच कंटाळा आला. मग येत आणि निम्मं करत. त्यांची साखर सध्या गोळीविना ताब्यात आहे. तसाच चांगला रिपोर्ट आल्यावर यायचे बंद होणारे शेकडो मी पाहिलेत, हे यायचे थांबले नाहीत. का, ते मी विचारलं नाही. विचारल्यावर पुन्हा एखादं मोठं कारण सापडलं असतं आणि पंचाईत झाली असती.

नोकरी सोडल्यावर मी त्यांच्याकडे निरोपाला गेले. दिंडोशीच्या त्या कॉलनीत पोचले आणि खालीच दोघं भेटले, हॉस्पिटलातून रिक्षाने नुकतेच उतरलेले. ताईंचा चेहरा पांढरा पडला होता. यादीत त्यांचं नाव अजून खालीच आहे. राण्यांनी त्यांचा हात आपल्या खांद्यावर घेतला, दुसरा हात पाठीमागून कमरेला लावला आणि चढायला लागले. मी माझे गुडघे सांभाळत मागून कठड्याला धरून. पहिल्या मजल्यावर राणे थांबले नाहीत. दुसऱ्यावर ताईच म्हणाल्या, "थांब रे जरा."

त्या भिंतीला टेकल्या. राणे शांत उभे होते, तोंड मिटलेलं, श्वास नाकाने चाललेला. ताईंनी त्यांच्याकडे बराच वेळ निरखून पाहिलं आणि मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बघितलंत मॅडम? पूर्वी इथे आम्ही दोघं दमायचो. आता मी एकटीच दमते."